लायसन्स देणारी कंपनीच दिवाळखोरीत गेली, तर आमच्या लायसन्सचं काय?

प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या उत्पादनाच्या गाभ्यातलं सॉफ्टवेअर एका अमेरिकन कंपनीकडून लायसन्सवर घेतलेलं आहे. करार पाच वर्षांचा, त्यातली दोन झाली. आता त्या कंपनीने 'चॅप्टर ११'खाली दिवाळखोरीचा अर्ज केल्याची नोटीस आली आहे. आमचं लायसन्स संपलं का? सपोर्ट तर बंदच पडलाय, मग रॉयल्टी थांबवावी का? आणि उद्या आमच्यावरच ही वेळ आली तर?"

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घाईत चूक होते ती तिथेच. रॉयल्टी थांबवू नका. सपोर्ट बंद झाला म्हणून चिडून हप्ता अडवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचा राग खोटा नसतो. पण ज्या हक्कावर धंदा उभा आहे त्याचेच पैसे थकवले, की समोरच्याच्या हातात आयतं कोलीत जातं.

आता पहिला प्रश्न. चॅप्टर ११ हे अमेरिकन दिवाळखोरी कायद्यातलं पुनर्रचनेचं प्रकरण; त्याखाली अर्ज केला म्हणजे कंपनीला टाळं लागलं असं नाही. कंपनी चालू राहते, बहुधा जुनंच व्यवस्थापन कोर्टाच्या देखरेखीखाली गाडा हाकतं. अर्ज दाखल झाला म्हणून तुमचा करार त्या दिवशी मरत नाही, तो लटकतो. या काळात तुम्हालाही कोर्टाला न विचारता तो तोडता येत नाही. जवळपास प्रत्येक लायसन्स कराराच्या शेवटच्या पानांवर एक वाक्य असतं: "कोणताही पक्ष दिवाळखोरीत गेल्यास दुसऱ्या पक्षास करार तत्काळ रद्द करता येईल." एका करारातून दुसऱ्यात ते जसंच्या तसं उचललं जातं, मीही उचललं आहे. अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याच्या कलम ३६५-ईमुळे ते बहुतेक वेळा निकामी ठरतं. त्याच्या भरवशावर एकही पत्र पाठवू नका.

लटकलेल्या कराराचं काय करायचं ते बुडालेली कंपनी ठरवते, किंवा तिच्या जागी नेमलेला ट्रस्टी. करार पुढे चालवायचा असेल तर मागची थकबाकी चुकती करावी लागते आणि पुढचं काम नीट होईल याची खात्री द्यावी लागते. नको असेल तर कोर्टाच्या मंजुरीने तो नाकारता येतो. हे लागू होतं ते दोन्ही बाजूंचं काहीतरी महत्त्वाचं काम अजून शिल्लक असलेल्या करारांना, आणि चालू लायसन्स बहुतेकदा त्यात बसतात. चॅप्टर ११मध्ये हा निर्णय पुनर्रचनेचा आराखडा मंजूर होईपर्यंत रखडू शकतो, म्हणजे कित्येक महिने. चॅप्टर ७मध्ये, म्हणजे कंपनी मोडीतच निघते तेव्हा, मुदत ६० दिवसांची. कोर्टाने ती वाढवली नाही आणि ट्रस्टी गप्प बसला, तर करार नाकारला असंच धरलं जातं.

चांगली रॉयल्टी देणारं गिऱ्हाईक कोणी का सोडेल, असं वाटेल. पण तंत्रज्ञान विकत घ्यायला आलेल्याला ते मोकळं हवं असतं. त्यावर बसलेली जुनी, स्वस्तातली लायसन्सं म्हणजे त्याच्या दृष्टीने घरातला जुना भाडेकरू.

अमेरिकेत एकदा हा भाडेकरू खरोखरच बाहेर काढला गेला. रिचमंड मेटल फिनिशर्स नावाच्या कंपनीने जुलै १९८२मध्ये धातूवर लेप चढवण्याच्या एका प्रक्रियेचं लायसन्स लुब्रिझॉलला दिलं. ऑगस्ट १९८३मध्ये रिचमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि हा करार नाकारायची परवानगी मागितली. हेतू लपवलेला नव्हता: बोजा उतरला की तेच तंत्र दुसऱ्या कुणाला चांगल्या भावाने देता येईल. १९८५मध्ये फोर्थ सर्किटच्या अपील कोर्टाने (अमेरिकेतली अपील कोर्टं विभागवार असतात, त्या विभागांना सर्किट म्हणतात) रिचमंडच्या बाजूने निकाल दिला. लुब्रिझॉलला नुकसानभरपाई मागता येईल, पण प्रक्रिया वापरता येणार नाही. आणि अशी भरपाई मागायची म्हणजे बिनतारण देणी असलेल्यांच्या रांगेत उभं राहायचं, जिथे रुपयाला बहुधा काही पैसेच हाती येतात.

तंत्रज्ञानाच्या धंद्यात यावर हलकल्लोळ झाला. १९८८मध्ये अमेरिकन काँग्रेसने दिवाळखोरी कायद्यात कलम ३६५-एन घातलं. तुमचं उत्तर या कलमात आहे. लायसन्स देणाऱ्याने करार नाकारला, तर घेणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. करार संपला असं मानून भरपाईचा दावा लावायचा, किंवा कराराच्या उरलेल्या मुदतीपर्यंत हक्क स्वतःकडे ठेवायचा. मुदतवाढ मागण्याचा हक्क करारातच असेल तर तीही धरून. लायसन्स एकट्या तुम्हालाच दिलेलं असेल तर ती मक्तेदारीही टिकते. तुमची तीन वर्षं बाकी आहेत. ती तुम्हाला मिळतील.

फक्त या हक्काच्या कडा नीट बघून घ्या. मी अशिलांना एकच गोष्ट सांगतो: परवानगी राहते, मदत जाते. सॉफ्टवेअर वापरायची परवानगी तुमच्याकडे राहील. ते दुरुस्त करून देणं, नवी आवृत्ती पाठवणं, तुमच्या लोकांना शिकवणं, कोणी तुमच्यावर दावा ठोकला तर तुमच्या बाजूने उभं राहणं, यातलं काही त्यांच्याकडून सक्तीने करून घेता येणार नाही. हक्कही मिळतो तो अर्ज दाखल होण्याच्या आदल्या क्षणी जसा होता तसाच. त्यानंतर त्यांनी काही नवं बनवलं तर ते या कलमाने तुमच्याकडे येत नाही. तारीख लागली तिथे सॉफ्टवेअर गोठलं असं समजा.

या गोठलेल्या परवानगीची किंमत कराराची भाषा ठरवते. समजा तुम्ही वर्षाला १०० देता. करारात लिहिलंय, "वार्षिक शुल्क १००, यात लायसन्स, सपोर्ट व अपडेट समाविष्ट." सपोर्ट तर आता मिळणार नाही, पण कलम सांगतं की हक्क ठेवायचा तर रॉयल्टी पूर्ण द्या. या १००मधली रॉयल्टी किती? एकच आकडा लिहिलेला असेल तर सगळे १०० रॉयल्टीच, असा आग्रह समोरून येणार. त्याला आधारही आहे: फ्रेंच फ्राइज विकणाऱ्या यंत्राच्या लायसन्सवरून झालेल्या 'प्राइझ फ्राइझ' खटल्यात १९९४मध्ये नाइन्थ सर्किटने सांगितलं की नाव 'लायसन्स फी' असलं तरी ती वापराच्या मोबदल्यातली रक्कम आहे, म्हणून रॉयल्टीच. तुमच्या करारात "लायसन्स ६०, सपोर्ट ४०" असं लिहिलेलं असतं, तर तुम्ही ६० देऊन मोकळे. कराराच्या वेळी कोणी या विभागणीकडे पाहत नाही, हिशोबाची किरकोळ बाब वाटते. पुढे तीच ४० टक्क्यांची बाब होते.

दुसरी अट आणखी बोचते. हक्क ठेवलात की वजावट सोडावी लागते. त्यांनी सपोर्ट दिला नाही, त्यात तुमचं नुकसान झालं, म्हणून पुढच्या रॉयल्टीतून तेवढे कापून घेईन, हे चालत नाही. रॉयल्टी पूर्ण भरायची आणि नुकसानीचा दावा वेगळा, त्या लांब रांगेत. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, हप्ता अडवू नका.

आज करायचं काम असं की त्यांना एक लेखी पत्र पाठवा. करार अजून नाकारलेला नसला तरी ३६५-एनच्या चौथ्या पोटकलमाखाली तुम्ही लेखी मागणी करू शकता: एकतर करार पाळा, नाहीतर कराराप्रमाणे आम्हाला द्यायची बौद्धिक संपदा आमच्या ताब्यात द्या, आणि आमच्या वापरात आडकाठी करू नका. फोनवर बोलून, ओळखीच्या मॅनेजरला मेसेज टाकून हे भागत नाही. तो मॅनेजर पुढच्या महिन्यात तिथे असेलच असं नाही.

ताब्यात घेण्यावरून एस्क्रोचा विषय निघतो. सोर्स कोड तिऱ्हाइताकडे ठेवायचा आणि ठरलेली घटना घडली की तो तुम्हाला मिळायचा, ही एस्क्रोची कल्पना. त्याचा वेगळा करार केलेला असेल तर तो लायसन्सला जोडलेला पूरक करार म्हणून ३६५-एनच्या संरक्षणात येतो, ही चांगली गोष्ट. पण एस्क्रो आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एका प्रकरणात आम्ही मोठ्या खटपटीने एस्क्रोतली ड्राइव्ह सोडवून आणली. अशिलाच्या इंजिनिअरने ती लॅपटॉपला जोडली आणि दोन तासांनी खाली मान घालून परत आला. कोड होता, पण अडीच वर्षांपूर्वीचा. बिल्ड करायच्या, म्हणजे कोडमधून चालतं सॉफ्टवेअर बनवायच्या, स्क्रिप्ट नव्हत्या, आणि ज्या तीन लायब्ररींवर तो कोड उभा होता त्यातली एक त्या कंपनीने घरीच लिहिलेली होती, तीच गायब. एस्क्रोची वार्षिक फी मात्र दरवर्षी न चुकता भरलेली. तेव्हापासून मी करारात लिहून घेतो की दर सहा महिन्यांनी नवा कोड जमा व्हायचा, आणि वर्षातून एकदा तो उघडून, प्रत्यक्ष बिल्ड करून बघायचा. समोरचे कुरकुरतात. कुरकुरू द्या.

सॉफ्टवेअरसोबत त्यांचं ब्रँडनेमही वापरत असाल, तर गोष्ट थोडी निराळी. १९८८च्या कायद्याने बौद्धिक संपदेची जी व्याख्या केली तिच्यात पेटंट, कॉपीराइट, ट्रेड सिक्रेट आले, ट्रेडमार्क मात्र मुद्दाम बाहेर ठेवला. त्यावर तीस वर्षं कोर्टांमध्ये मतभेद चालले. शेवटी टेम्पनॉलॉजी नावाच्या कंपनीचं प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं. व्यायाम करताना अंग थंड ठेवणारे कपडे ती 'कूलकोर' नावाने विकत असे, आणि ते नाव वापरायचं लायसन्स मिशन प्रॉडक्ट होल्डिंग्ज या कंपनीकडे होतं. २०१५मध्ये टेम्पनॉलॉजीने दिवाळखोरीचा अर्ज करून करार नाकारला. २० मे २०१९ रोजी आठ विरुद्ध एक अशा मताने निकाल लागला: करार नाकारणं म्हणजे करार मोडणं, तो मुळापासून पुसून टाकणं नव्हे. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी त्यात फोटोकॉपी मशीनचा दाखला दिला आहे. मशीन भाड्याने देणाऱ्याने दर महिन्याला सर्व्हिसिंगचं वचन दिलं आणि मग ते मोडलं, तर भाडेकरू भाडं भरून मशीन ठेवून घेऊ शकतो. मालकाने स्वतःचं वचन मोडलं म्हणून मशीन परत न्यायचा हक्क त्याला मिळत नाही. दिवाळखोरीने त्यात फरक पडत नाही. परवानगी राहते, मदत जाते, हे ट्रेडमार्कलाही लागू झालं ते असं.

याच प्रकरणात मिशनकडे काही मालाच्या वितरणाचा एकाधिकारही होता. तो ३६५-एनखाली टिकत नाही, असं फर्स्ट सर्किटने आधीच सांगितलं होतं, कारण वितरणाचा हक्क ही बौद्धिक संपदा नाही. तुमच्या करारात लायसन्स आणि वितरण एकाच परिच्छेदात कालवलेलं असेल, तर आजच वकिलाबरोबर बसून ते वेगळं करून वाचा.

आता एक धोका, जो नोटिशींच्या ढिगात दबून जातो. कंपनी करार नाकारतही नाही, चालवतही नाही. सगळी मालमत्ता "सर्व बोजांपासून मुक्त" म्हणून लिलावात विकायला काढते. हे कलम ३६३. विक्रीच्या नोटिशीची मुदत काही आठवड्यांची असते आणि तुमच्या लायसन्सचा उल्लेख जोडपत्रातल्या बारीक अक्षरात असतो, किंवा नसतोच. अशा विक्रीने ३६५-एनचा हक्क बुडत नाही, असं न्यू जर्सीच्या दिवाळखोरी कोर्टाने २०१४मध्ये क्रम्ब्स बेक शॉपच्या प्रकरणात म्हटलं. पण दिवाळखोरी कोर्टाचा निकाल इतर कोर्टांना बांधून ठेवत नाही. आपली हरकत मुदतीत नोंदवणं आणि "विक्री या लायसन्सच्या अधीन राहून" एवढे शब्द आदेशात घालून घेणं, यासारखं स्वस्त काम दुसरं नाही. गप्प बसलात तर तुमची संमती होती, असा युक्तिवाद पुढे तयारच असतो.

हे सगळं अमेरिकेचं झालं. लायसन्स देणारा दुसऱ्या देशातला असेल तर पट बदलतो. क्विमोंडा ही मेमरी चिप बनवणारी जर्मन कंपनी २००९मध्ये बुडाली, तेव्हा तिच्याकडे सुमारे १०,००० पेटंट होती, त्यातली ४,०००च्या आसपास अमेरिकन. जर्मन कायद्याच्या कलम १०३खाली प्रशासकाला दोन्ही बाजूंनी अजून पूर्ण न झालेले करार पुढे न चालवण्याची मुभा आहे आणि ३६५-एनसारखं कवच तिथे नाही. सॅमसंगसारख्या कंपन्यांशी पेटंट अदलाबदलीचे जुने करार झालेले होते. प्रशासकाला ते झुगारून पेटंटवर नव्याने पैसे कमवायचे होते. अमेरिकेतल्या पेटंटांपुरतं ३६५-एन लागू राहील, हे २०१३मध्ये त्याच फोर्थ सर्किटने मान्य केलं. लुब्रिझॉलचा निकाल याच कोर्टाचा, ही गंमत माझ्या धंद्यातल्या लोकांनाच हसू आणते. उरलेल्या देशांतल्या पेटंटांना त्या निकालाचा उपयोग नाही. कॅनडाने २००९मध्ये आणि पुन्हा २०१९मध्ये कायदा बदलून लायसन्सधारकाला आधार दिला. जपानमध्ये २०१२पासून साधं पेटंट लायसन्स नोंदणी न करताही नव्या मालकाविरुद्ध टिकतं.

भारतात आयबीसी, म्हणजे २०१६ची दिवाळखोरी संहिता, आहे, पण तिच्यात ३६५-एनसारखं कलम नाही. तिथे रिझोल्युशनच्या, म्हणजे कंपनी वाचवायच्या प्रयत्नाच्या, काळात तिचा कारभार पाहणाऱ्या रिझोल्युशन प्रोफेशनलला करार नाकारायचा थेट अधिकार दिलेला नाही. करार आपल्या अटींवर चालू राहतो. कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे मोडीत, गेली तर मात्र लिक्विडेटर सहा महिन्यांच्या आत कंपनी न्यायाधिकरणाकडे (एनसीएलटी) अर्ज करून तोट्याचा करार सोडून देऊ शकतो. कलम १४च्या स्पष्टीकरणात 'लायसन्स' हा शब्द पाहून बरेच जण हुरळतात. ते सरकारने किंवा नियामकाने दिलेल्या परवान्यांबद्दल आहे, दोन खासगी कंपन्यांमधल्या कराराबद्दल नाही. निव्वळ दिवाळखोरीच्या कारणावरून करार तोडला तर एनसीएलटी हस्तक्षेप करू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने मार्च २०२१मध्ये गुजरात ऊर्जा प्रकरणात सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या प्रकरणात मर्यादाही घातली: कारण दुसरं असेल, उदाहरणार्थ समोरच्याचं कामच वाईट होतं, तर एनसीएलटीने मध्ये पडू नये.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तुम्हीच बुडालात तर. इथे चित्र उलटं आणि तुमच्या दृष्टीने जास्त कडक आहे. पेटंट किंवा कॉपीराइटचं साधं लायसन्स माणूस बघून दिलेलं असतं, असं अमेरिकन कायदा मानतो. मालकाच्या संमतीशिवाय ते दुसऱ्याच्या नावावर जात नाही. म्हणून कलम ३६५-सी म्हणतं की बुडालेल्या कंपनीला असं लायसन्स दुसऱ्याकडे हस्तांतरित करता येणार नाही. हस्तांतर करायचंच नसेल, स्वतःच वापरत राहायचं असेल तर? थर्ड, फोर्थ आणि नाइन्थ सर्किटमध्ये तेही चालत नाही. हस्तांतर कायद्याने अशक्य आहे ना, मग पुढे चालवणंही अशक्य. नाइन्थ सर्किटचा १९९९चा कॅटापल्टचा निकाल या बाजूचा. फर्स्ट सर्किट मात्र प्रत्यक्षात हस्तांतर होतंय का एवढंच पाहतं. केंब्रिज बायोटेक प्रकरणात १९९७मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटने दिलेली लायसन्सं कंपनीकडेच राहू दिली, जरी तिचे शेअर्स पाश्चरच्या थेट प्रतिस्पर्ध्याकडे, बायोमेरियोकडे, जात होते. अर्ज कुठल्या शहरात दाखल होतो यावर तुमचं लायसन्स टिकणार की नाही हे ठरतं, आणि मला हे अजूनही विचित्र वाटतं. यावर इलाज करार करतानाच: "पुनर्रचनेत किंवा धंद्याच्या विक्रीत हे लायसन्स सोबत जाईल, देणाऱ्याची याला आगाऊ संमती आहे" हे वाक्य मागून घ्या. दोन्ही बाजू खुशीत असतात तेव्हा ते फुकट मिळतं.

पुढच्या करारात आणखी दोन शब्दांकडे लक्ष द्या. "लायसन्स देण्यात येईल" असं भविष्यकाळी लिहिलेलं असेल तर ते नुसतं वचन आहे, आणि वचनं दिवाळखोरीत नाकारली जातात. "या कराराद्वारे लायसन्स देत आहोत" असं लिहिलं की परवानगी त्याच दिवशी तुमच्या हातात आली. एस्क्रोतला कोड वापरायचा हक्कही असाच आजच दिलेला हवा, घटना घडल्यावर मिळणारा नको.

आणि तुमच्या हातातल्या नोटिशीत दावा दाखल करायची शेवटची तारीख छापलेली असेल. सपोर्टचे आगाऊ भरलेले पैसे, बंद पडलेल्या अपडेटचं नुकसान, सगळं त्या अर्जात जातं, हक्क ठेवून घेणार असलात तरीही. मोठी रक्कम हाती येईल अशी अपेक्षा धरू नका, पण ती तारीख चुकवूही नका.